अंतराळ-कल्पित भूमिका-खेळांतील मोहाची रचना : ‘स्टार वॉर्स’ खेळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मोह आणि पतन हे विषय साहित्य, नाट्य व नीतिशास्त्र या तिन्ही क्षेत्रांना चिरपरिचित आहेत. कादंबरीचा वाचक किंवा नाटकाचा प्रेक्षक नायकाचे पतन बाहेरून पाहतो. भूमिका-खेळातील खेळाडूला मात्र पतनाचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. भूमिका-खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, संवाद व फासे यांच्या आधारे काही जणांनी मिळून रचलेली कथा होय. प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो आणि सूत्रधार उर्वरित जगाची बाजू सांभाळतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने १९७४ मध्ये या प्रकाराचा पाया घातला. जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटापासून सुरू झालेल्या कथाविश्वावर पुढे असे अनेक खेळ आधारले गेले. त्यांत ‘फोर्स’ या विश्वव्यापी शक्तीच्या काळ्या बाजूचा मोह महत्त्वाचा ठरतो. हा मोह खेळाडूला खरोखर जाणवावा यासाठी नियमांची रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ अडचण :
पात्र संतप्त वा भयभीत असले तरी खेळाडू शांतपणे खुर्चीत बसलेला असतो. काळी बाजू वाईट आहे, हे तो चित्रपट पाहूनच जाणतो. त्यामुळे पात्राला दाखवलेले आमिष खेळाडूपर्यंत पोहोचतेच असे नाही. पात्राचा मोह खेळाडूचाही व्हावा, यासाठी खेळाडूला हवे असलेले काहीतरी नियमांनीच त्याच्यापुढे ठेवावे लागते.

दंडाची रचना :
ग्रेग कॉस्टिक्यान यांनी रचलेला व वेस्ट एंड गेम्सने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘स्टार वॉर्स’ खेळ प्रामुख्याने दंडावर भर देतो. दुष्कृत्याबद्दल पात्राच्या नावे ‘काळा गुण’ जमा होतो आणि त्या वेळी सहा पैलूंचा फासा टाकला जातो. पडलेली संख्या जमा गुणांहून कमी असल्यास पात्र काळ्या बाजूच्या अधीन होते व खेळाडूच्या हातून सूत्रधाराकडे जाते. दोन गुण असताना ही शक्यता सहात एक, तर चार गुण असताना निम्मी असते. धोका पायरीपायरीने वाढतो, हे या रचनेचे सामर्थ्य. परंतु आपले पात्र गमावण्याच्या भीतीने खेळाडू त्या वाटेला फिरकतच नाही. अशा वेळी तो सद्गुणी ठरत नाही, केवळ सावध ठरतो.

सौद्याची रचना :
फँटसी फ्लाइट गेम्सच्या २०१५ मधील ‘फोर्स अँड डेस्टिनी’ने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. येथे फोर्स वापरण्यासाठी बारा पैलूंचा विशेष फासा आहे. त्याच्या सात पैलूंवर काळे आणि पाच पैलूंवर पांढरे ठिपके असतात. ठिपक्यांची एकूण संख्या मात्र दोन्हीकडे आठच आहे, कारण पांढऱ्या पाचांपैकी तीन पैलूंवर दोन-दोन ठिपके आहेत, तर काळ्या सातांपैकी एकाच पैलूवर दोन. म्हणजे सत्प्रवृत्तीची शक्ती क्वचित पण भरभरून मिळते. काळी शक्ती थोडी, पण वारंवार हाताशी येते. एकच फासा टाकणाऱ्या नवशिक्याला बारात सात वेळा केवळ काळे ठिपके दिसतात. ते वापरल्यास कार्य साधते. पण पात्राला मानसिक ताण सोसावा लागतो, सर्व खेळाडूंच्या सामाईक साठ्यातील एक अनुकूल गुण सूत्रधाराच्या बाजूस जातो आणि ‘संघर्ष’ गुण जमा होतात.

सत्राच्या शेवटी दहा पैलूंचा फासा टाकून संघर्षाचा हिशेब होतो. सामान्यतः ५० पासून सुरू होणारी ‘नीतिमत्ता’ फाशावरील संख्या संघर्षाहून कमी असल्यास फरकाइतकी घटते, अधिक असल्यास तितकीच वाढते. ती ३० च्या खाली गेली की पात्र काळ्या बाजूचे होते. चार संघर्षगुणांवर सात पडल्यास नीतिमत्ता उलट तीनने वाढते. किरकोळ अपराध पचतात, हा या नियमावरील रास्त आक्षेप आहे. मात्र ‘एवढ्याने काय बिघडते’ ही मोहाची नेहमीची भाषा त्यातूनच खेळाडूच्या तोंडी येते.

सूत्रधाराचे कार्य :
नियम संधी निर्माण करतात. तिला अर्थ देतो सूत्रधार. सत्तेच्या आमिषापेक्षा प्रिय व्यक्तीच्या रक्षणाचे आमिष अधिक प्रभावी असते. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये अॅनाकिनचे पतन पत्नीला गमावण्याच्या भीतीतूनच घडते. एखादा सहकारी कड्यावरून निसटत आहे आणि फाशावर फक्त काळे ठिपके आहेत, अशा क्षणी खेळाडू खरोखर थबकतो. मात्र किंमत त्याला आधी ठाऊक असली पाहिजे. फसवून घडवलेले पतन हे पतन नव्हे. नकाराचा मार्गही खुला असावा. सहकारी कोसळला तरी कथा पुढे चालली पाहिजे, अन्यथा निवड ही सक्ती ठरते. पतनाची कथा कोठवर न्यावी, याविषयी सर्व खेळाडूंची संमती आरंभीच घेणे इष्ट.

निष्कर्ष :
दंडाची रचना खेळाडूला परिणाम टाळायला शिकवते. सौद्याची रचना त्याला स्वतःचे समर्थन ऐकायला लावते. लाभ तात्काळ, किंमत ज्ञात आणि नकार शक्य, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच मोह खरा ठरतो. नीतिविषयक निर्णयांचे अध्यापन करणाऱ्यांनाही ही बाब विचारार्ह आहे. योग्य उत्तर आधीच ठरलेल्या उदाहरणातून विद्यार्थ्याला नियम कळतो. योग्य उत्तराची किंमत मोजावी लागणाऱ्या प्रसंगातून त्याला स्वतःची ओळख होते.