आराखडा कोणाचा, खडू कोणाच्या हाती?

महारवाडा गावकुसाबाहेर, मांगवाडा त्याच्याही कडेला, पाणवठा वेगळा. ही एक नगररचनाच होती. तिला कागद नव्हता, अभियंता नव्हता; तरी ती शतकानुशतके इतक्या काटेकोरपणे अमलात आली की आजच्या एखाद्या महापालिकेला हेवा वाटावा. शहरात आलो तेव्हा आराखडा कागदावर आला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद केली. पण हरकत घ्यायची तर आधी नकाशा वाचता आला पाहिजे. ज्यांच्या घरात पहिली पदवी आता कुठे आली, त्यांना ठाऊक आहे की नकाशा वाचता येणे हीदेखील एक मिरासदारी आहे.

ही मिरासदारी मोडण्याची एक पद्धत म्हणजे वस्तीतील लोकांनी तज्ज्ञांबरोबर बसून रचना ठरवण्याची कार्यशाळा. 'कार्यशाळा' हा शब्द फसवा आहे. चहा-बिस्किटे आणि भाषणे झाली की कार्यशाळा झाली, असा आपल्याकडचा समज. येथे अभिप्रेत आहे ते वेगळेच, आणि त्याचे उदाहरण मुंबईतच आहे.

जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. पण फुटपाथवरची झोपडी रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, असेही म्हटले. त्याच सुमारास 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवासीयांसह सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवरील स्त्रियांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली आणि १९८७ च्या सुमारास या स्त्रियांनी घरांच्या नमुन्यांचे प्रदर्शन मांडले. नमुने खेळण्यातले नव्हते, खऱ्या मापाचे होते. कापड बांधून भिंती उभ्या केल्या. आत उभे राहून चूल कुठे, झोपायचे कुठे, हे पाहिले. सुमारे १८० चौरस फुटांचे घर, पण उंची १४ फूट, म्हणजे वर माळा निघेल आणि कुटुंब वाढले तरी सामावेल, हा निष्कर्ष या पाहणीतून निघाला. एकास शंभर प्रमाणाच्या कागदावर ज्या बाईला एक रेघही कळली नसती, ती कापडाच्या भिंतीत उभी राहून 'इथे हात पोचत नाही' असे सांगू शकते. या पद्धतीचे सारे मर्म त्या एका गोष्टीत आहे. प्रमाण बदलले की बोलणारा बदलतो.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९९९ पासून पुणे महापालिकेने स्वयंसेवी संस्था व वस्ती-संघटनांमार्फत ४०० हून अधिक सार्वजनिक शौचालये बांधण्याचे काम हाती घेतले. यातील काहींची रचना महिला मिलनच्या सहभागाने ठरली. जुन्या शौचालयांत रांग एकच असे. पुरुष पुढे घुसत आणि बाया मागे राहत. म्हणून रांगा वेगळ्या केल्या. मुले अंधाऱ्या, खोल भांड्याला घाबरत, शिवाय मोठी माणसे त्यांना रांगेतून ढकलत; म्हणून ती गटाराकाठी बसत. त्यांच्यासाठी लहान भांड्यांची, धरायला दांडी असलेली वेगळी जागा केली. दारे दोन्ही बाजूंना उघडणारी, पाण्याची मोठी टाकी, राखणदाराच्या कुटुंबाला खोली. यातले एकही सूत्र पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. रोज पहाटे रांगेत उभे राहणाऱ्याला मात्र ते पाठ असते.

तरीही भाबडेपणा नको. अमेरिकेतील शेरी अर्न्स्टाइन या लेखिकेने १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या अगदी खालच्या पायरीवर आहे लोकांना गुंडाळणे. आधीच ठरलेल्या योजनेवर सह्या गोळा करायला बोलावलेली सभा त्याच पायरीवर बसते. कार्यकर्त्याने पहिल्याच बैठकीत विचारावे: यातले काय अजून बदलता येते? उत्तर 'भिंतीचा रंग' असे आले तर घरी जावे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी ग्रंथांत सहसा भेटत नाही. या पद्धतीचे पुरस्कर्ते 'समुदाय' असा शब्द वापरतात, जणू वस्ती म्हणजे एकजिनसी कुटुंब. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानण्याच्या कल्पनेवर प्रखर टीका केली ती याच कारणाने. वस्तीतही बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुसलमान आहेत, काल आलेले भटके आहेत. सभा दुपारी ठेवली तर रोजंदारीवरचा माणूस येणार नाही. मंदिरात ठेवली तर कोण दारात उभे राहील हे सांगायला नको. म्हणून जागा सर्वांची, वेळ रात्रीची, बायांची बैठक वेगळी, आणि शेवटच्या गल्लीतून सुरुवात. खडू ज्याच्या हाती त्याच्या दारापुढे नळ येतो, हे आपण पाहतो. म्हणून खडू फिरता हवा आणि बैठकीचे टिपण त्याच रात्री मोठ्याने वाचले गेले पाहिजे.

पुण्याच्या रचनेतील राखणदाराच्या खोलीपाशी माझे मन अडते. हातमैला कामावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. दार, रांग, पाणी, मुले यांचा विचार झाला, तो उत्तम झाला. पण जमिनीवर खडूने शौचालय आखताना हा प्रश्नही त्याच रेघांमध्ये उभा राहून विचारायला हवा: टाकी भरल्यावर ती उपसायला गाडी कुठून येईल, तिची नळी कुठवर पोचेल, आणि त्या खोलीत राहायला आपण कोणत्या घराकडे बोट दाखवणार आहोत?