हलकी नळी कोणाच्या खांद्यावर?

खानदेशात बंदुकीचा विषय निघाला की बोलणं वरणगावच्या ऑर्डनन्सकडे वळतं. १९६४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात रायफलींची काडतुसं बनतात. भुसावळची फॅक्टरी त्याहून जुनी, १९४९ची. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १८२५मध्ये, जेम्स आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली, तेव्हा बंदूक ठासणीची होती. पुढे चाप, दस्ता, काडतूस सारं बदललं; नळी मात्र लोखंड-पोलादाचीच राहिली. गेल्या तीसेक वर्षांत त्या पोलादावर कार्बन फायबरचं वेष्टण चढू लागलं आहे. युटामधली क्रिस्टेन्सन आर्म्स आणि मोंटानातली प्रूफ रिसर्च ही त्यातली ठळक नावं.

कृती ऐकायला सोपी आहे. पोलादी नळी बाहेरून तासून बारीक करायची, तिच्यावर इपॉक्सी राळेतले कार्बनचे धागे गुंडाळायचे आणि भट्टीत पक्के करायचे. आतले पीळदार आटे पोलादाचेच ठेवावे लागतात, कारण गोळी सुटताना आत सुमारे ४,००० बारचा दाब आणि राळेला क्षणभरही न सोसणारी आच असते.

पहिला फायदा वजनाचा. राळेसह कार्बनची घनता पोलादाच्या जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा ६४ टक्क्यांपर्यंत हलकी, असा प्रूफ रिसर्चचा दावा आहे. यात ‘त्याच जाडीच्या’ हे शब्द महत्त्वाचे. बारीक पोलादी नळीही हलकीच असते, पण ती जास्त थरथरते. बारीक नळीचं वजन आणि जाड नळीचा ताठपणा एकत्र मिळतो, ही खरी कमाई.

तोटा उष्णतेच्या बाजूने येतो. कार्बन धाग्याच्या लांबीने उष्णता बरी वाहून नेतो, पण थरातून आरपार जाताना राळ आडवी येते. आतलं पोलाद कमी असल्याने तेही लवकर तापतं. बाहेरून हाताला नळी निवलेली वाटली, तरी आत धग असू शकते. शिवाय तापल्यावर पोलाद पसरतं, कार्बन लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. धाग्यांचा कोन चुकला, तर तापलेल्या नळीचा नेम सरकतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेत कोणतीही नळी निवायला वेळ घेते. किंमतही चांगल्या पोलादी नळीच्या दुप्पट पडू शकते. आटे झिजले की दोन्ही टाकायच्याच. महागडी टाकताना जीवावर येतं, एवढाच फरक.

मग ही नळी कोणी घ्यावी? पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू काडतुसाची बारूद एवढी थोडी, की नळी तापण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. पुरुषांच्या रायफलीला ८ किलोंची मुभा असते आणि नेमबाजाला स्थिरतेसाठी वजन हवंच असतं. डोंगर चढून एक-दोन गोळ्या झाडणारा शिकारी हा या नळीचं मूळ गिऱ्हाईक. पण १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सातपुड्यात त्याला जागा नाही. इन्सास रायफल घेऊन चालणाऱ्या जवानाला चार किलोंतले काही ग्रॅम वाचले तर हवेच आहेत, मात्र सलग गोळीबारात नळी सर्वाधिक तापते ती त्याचीच.

उरतो तो लष्करातला किंवा पोलिसांतला स्नायपर. तो फार चालतो आणि थोडं झाडतो. त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजणं शहाणपणाचं ठरेल. रेंजवर एका जागी बसून डझनावारी काडतुसं उडवणाऱ्याने मात्र जाड पोलादी नळी घ्यावी आणि उरलेल्या पैशांची काडतुसं.