सांगितलेले आणि पोहोचलेले
गार्डन रीचकडून व्यवस्थापकांनी घ्यावयाचे संवादाचे धडे

उद्योगाला भांडवल, तंत्रज्ञान आणि मनुष्यबळ लागते, हे सर्वमान्य आहे. या तिन्हींना बांधून ठेवणारा धागा म्हणजे संवाद. पण त्याचे शिक्षण बहुतेक व्यवस्थापकांना ठेचा खाऊनच मिळते. प्रकल्प उत्तम असूनही तो नेमकेपणाने मांडता न आल्यामुळे कर्जप्रस्ताव कसा रेंगाळतो, हे बँकेच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना ठाऊक आहे. सफाईदार बोलणे म्हणजे प्रभावी सादरीकरण नव्हे. ऐकणारा कोणता अर्थ बरोबर घेऊन उठतो, ही त्याची खरी कसोटी होय.

कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी वसलेल्या गार्डन रीच या भागात या कसोटीची उत्तम उदाहरणे सापडतात. येथे दोन मोठ्या संस्था आहेत. पहिली, १८८४ पासूनचा वारसा सांगणारी आणि १९६० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतलेली जहाजबांधणी कंपनी ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स’. दुसरी, दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय.

एक शब्द, दोन अर्थ

या कंपनीने बांधलेल्या ‘आयएनएस कामोर्ता’ या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे जलावतरण १९ एप्रिल २०१० रोजी झाले. ती नौदलात दाखल झाली २३ ऑगस्ट २०१४ रोजी. या दोन तारखांमध्ये चार वर्षांहून अधिक अंतर आहे. जलावतरण म्हणजे नौकेचा सांगाडा पाण्यावर तरंगू लागणे. त्यानंतर यंत्रणा, विजेचे जाळे व शस्त्रास्त्रे बसवून पूर्ण करावयाची असतात आणि समुद्रातील चाचण्याही व्हावयाच्या असतात. जहाजबांधणीतील माणसाला हे सांगावे लागत नाही. परंतु ‘नौका पाण्यात उतरली’ एवढेच ऐकणाऱ्या बाहेरच्या माणसाला काम संपले असे वाटल्यास त्याचा दोष नाही.

लघुउद्योजकाचेही असेच होते. ‘यंत्र आले’ असे तो बँकेला सांगतो. ते बंदरात आले, कारखान्यात आले, बसविले गेले, की त्यावर उत्पादन सुरू झाले? या चार उत्तरांवर कर्जाच्या पुढील हप्त्याचा आणि परतफेडीच्या आरंभाचा निर्णय अवलंबून असतो. म्हणून टप्प्याचे नाव, त्याची तारीख आणि उरलेले काम या तीन गोष्टी एकत्रच सांगाव्यात.

श्रोत्यानुसार मांडणी

याच कंपनीने मॉरिशससाठी ‘बॅराकुडा’ ही नौका बांधून २०१४ मध्ये सुपूर्द केली. निर्यातीसाठी भारतात बांधली गेलेली ती पहिली युद्धनौका ठरली. पुढे २०१८ मध्ये कंपनीच्या समभागांची प्रारंभिक विक्री होऊन ते शेअर बाजारात आले. जोडारी कारागिराला आराखड्यातील माप हवे असते, नौदलाला चाचणीचा निष्कर्ष, परदेशी ग्राहकाला सुपूर्दगीची तारीख, तर गुंतवणूकदाराला मागणीपत्रे, नफा आणि जोखीम. वस्तुस्थिती एकच असते. मांडणीचा क्रम मात्र श्रोत्यागणिक बदलतो.

समभागविक्रीच्या प्रस्तावपत्रात जोखमीचे घटक स्वतंत्रपणे द्यावे लागतात. हा नियम व्यवस्थापकांनी स्वेच्छेने अंगीकारावा. अडचण वक्त्याने आधी सांगितली तर ती त्याची पूर्वतयारी ठरते. तीच श्रोत्याने शोधून काढली तर लपवाछपवी वाटते.

ऐकल्याची खातरजमा

विदर्भाचा या परिसराशी जुना संबंध आहे. २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे कार्यान्वित होईपर्यंत नागपूर–गोंदिया मार्गाचा कारभार सुमारे अकराशे किलोमीटरवरील या मुख्यालयातून चालत असे. एवढ्या पसाऱ्यात निरोप अचूक पोहोचणे हा प्राणांचा प्रश्न असतो. म्हणूनच रेल्वेत गाडी सोडण्यासंबंधीच्या महत्त्वाच्या निरोपांना ‘प्रायव्हेट नंबर’ची जोड असते. ठरावीक तक्त्यातील हा क्रमांक देऊन कर्मचारी निरोपाची ग्वाही देतो आणि त्याची नोंद होते. नुसते ‘हो, कळले’ तेथे पुरत नाही.

कार्यालयातील बैठकीत मात्र ‘कळले ना?’ या प्रश्नावर सर्वांनी माना डोलावल्या की व्यवस्थापक समाधानी होतो. त्याऐवजी ‘आपण काय ठरविले, हे एकदा तुम्ही सांगा,’ असे म्हटल्यास गैरसमज तेथल्या तेथे उघड होतो. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांची लेखी नोंद त्याच दिवशी सर्वांना द्यावी.

सराव कसा करावा?

हे कौशल्य प्रयत्नसाध्य आहे. पहिल्या दोन वाक्यांतच काय हवे आणि कशासाठी, हे सांगावे. पडद्यावरील प्रत्येक चित्रफलकावर एकच मुद्दा ठेवावा आणि तो वाचून न दाखविता समजावून द्यावा. प्रत्येक आकड्याबरोबर तुलना द्यावी. केवळ ‘विक्री चाळीस लाख’ यापेक्षा ‘गतवर्षीच्या तीस लाखांवरून चाळीस लाख’ हे अधिक बोलके असते. दिलेल्या वेळेपैकी निदान एक तृतीयांश वेळ प्रश्नांसाठी राखावा. उत्तर ठाऊक नसल्यास ते केव्हा कळवू, याची तारीख द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या घरच्या माणसासमोर संपूर्ण सादरीकरण एकदा करून पाहावे. त्याला जेथे थांबून विचारावेसे वाटेल, तेथेच दुरुस्तीला वाव आहे, असे समजावे.