शिशाच्या खिळ्यांतलं धावतं हस्ताक्षर

घाईघाईत पेनाने खरडल्यासारखा दिसणारा ‘मिस्त्राल’ हा फाँट मार्सेच्या फोंदरी ऑलिव्ह या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने १९५३ साली बाजारात आणला. रोजे एक्सकोफों यांनी तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडवला आणि दक्षिण फ्रान्समध्ये घोंगावणाऱ्या थंड वाऱ्याचं नाव त्याला दिलं.

दिसायला बेफिकीर, पण मागचा हिशेब चोख. हाताने लिहिताना पुढचं अक्षर कोणतं हे आपल्याला ठाऊक असतं, त्याप्रमाणे जोडरेघ आपसूक वरखाली होते. छापखान्यात मात्र प्रत्येक अक्षराचा खिळा सुटा. शेजारी कोण येऊन बसेल, याचा त्याला पत्ता नाही. म्हणून एका अक्षरातून निघालेली रेघ खिळ्याच्या कडेला अशा उंचीवर आणून सोडावी लागली, की पुढचं कुठलंही अक्षर ती अलगद उचलून घेईल.

संगणकाने हे काम सोपं केलं. आता फाँट शेजारचं अक्षर पाहून रूप बदलू शकतो. ‘ममता’ लिहिताना कुणाचेच दोन्ही ‘म’ हुबेहूब सारखे उमटत नाहीत. चांगल्या हस्ताक्षरी फाँटमध्ये म्हणूनच एकाच अक्षराची दोन-तीन रूपं ठेवून ती आलटून पालटून वापरलेली असतात.

देवनागरीत असा अनौपचारिक बाज हवा असेल, तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. त्याची अक्षरं तिरकी, गोल टोकाच्या पेनाने लिहिल्यासारखी आहेत. देवनागरीत अक्षरं जोडायला शिरोरेषा असते, पण डोकेदुखी वेगळीच. एकटा ‘र’ घ्या : अर्क, चक्र, ट्रक, दऱ्या. चार शब्दांत त्याची चार रूपं, आणि ती सगळी एकाच हातची वाटायला हवीत.

वापराच्या बाबतीत ‘मिस्त्राल’ने बराच प्रवास केला. फ्रान्समधल्या दुकानांच्या पाट्यांवर तो दिसतो, मायक्रोसॉफ्ट ऑफिसमुळे घरोघरी पोचला, आणि २०११च्या ‘ड्राइव्ह’ या चित्रपटाची गुलाबी श्रेयनामावलीही त्यातच आहे.

लग्नपत्रिकेवरची नावं, कॅफेचं मेनूकार्ड, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ : जिथे चार-सहा शब्दांत आपलेपणा आणायचा असतो, तिथे असा फाँट शोभतो. पत्ता, तारीख, किंमत मात्र साध्या, सरळ टाइपात द्यावी. पानभर मजकूर तिरक्या अक्षरांत लावला, की डोळे थकतात. इंग्रजी शब्द सगळाच्या सगळा कॅपिटलमध्ये लिहिणंही टाळावं, कारण ती अक्षरं एकमेकांना बिलगण्यासाठी काढलेलीच नसतात. आणखी एक चूक हमखास दिसते. शब्द ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं जातं. त्यासरशी ‘मिस्त्राल’च्या जोडरेघा सुटतात आणि देवनागरीची शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. शब्द मोठा करायचा असेल, तर अंतराला हात न लावता पॉइंट साइझ वाढवावा.