उसाच्या बिलावरील रक्कम : आकडी आणि अक्षरी



उसाचे बिल हाती आले की आपली नजर आधी शेवटच्या रकमेवर जाते. ही रक्कम संगणक छापतो. पण त्याच्या पोटात स्वल्पविराम नाही, 'रुपये' नाही, नुसता आकडा असतो. त्या आकड्याची वाचता येईल अशी रक्कम कशी होते, ते थोडक्यात सांगतो.

समजा, ऊस ४८ टन ३७५ किलो आणि दर टनाला रु. २,८५० आहे. कपातीपूर्वीचे बिल होते रु. १,३७,८६८.७५. चांगल्या प्रोग्रॅममध्ये हा हिशेब पैशांत ठेवतात : १३७८६८७५. याचे कारण असे की, संगणकाचे सारे गणित ० आणि १ या दोनच अंकांवर चालते. रुपयाचा दशांश, म्हणजे दहा पैसे, त्याला अपूर्णांकात तंतोतंत मांडता येत नाही. हजारो बिलांच्या बेरजेत मग पैशांचा मेळ चुकू शकतो. पूर्ण पैशांत ही भानगडच नाही.

छापताना पहिले काम पैसे वेगळे काढण्याचे. शेवटचे दोन अंक बिंदूच्या उजवीकडे जातात. पाच पैसे असतील तर '.०५' असेच छापले पाहिजे. नुसते '.५' छापले तर वाचणारा पन्नास पैसे समजेल.

दुसरे काम स्वल्पविरामाचे. पाश्चात्त्य पद्धतीत तीन-तीन अंकांचे गट पडतात : १३७,८६८.७५. आपल्याकडे उजवीकडून आधी तीन अंक आणि पुढे दोन-दोन. कळमन्याच्या बाजारात कोणी 'एकशे सदतीस हजार' म्हणतो का? आपण 'एक लाख सदतीस हजार' म्हणतो, म्हणून बिलही तसेच हवे. प्रोग्रॅमला ही भारतीय पद्धत मुद्दाम सांगावी लागते.

तिसरे काम अक्षरी रकमेचे, आणि मराठीत खरी कसोटी इथेच. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे दिली की नव्व्याण्णवपर्यंत काम भागते. आपल्याकडे सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर असा प्रत्येक आकड्याचा शब्द निराळा. त्यामुळे एक ते नव्व्याण्णव शब्दांचा पूर्ण तक्ता द्यावा लागतो. त्यात एक शब्द चुकला, तर तो आकडा येईल त्या प्रत्येक बिलावर चूक छापली जाते.

ही चूक साधी नव्हे बरं का! १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, चेकवरील आकडी व अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरली जाते. बँक असा चेक परतही करू शकते. मग ऐन लागवडीच्या वेळी बेणे-खताचे पैसे अडकतात.

रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. जुन्या छपाईयंत्रावर त्या जागी कधी रिकामा चौकोन उमटतो. तेथे 'रु.' छापणे केव्हाही बरे.

तेव्हा बिल वा चेक हाती येताच तीन गोष्टी पाहाव्यात : लाखाचा स्वल्पविराम जागेवर आहे का, पैशांचे दोन अंक आहेत का, आणि आकडी व अक्षरी रक्कम जुळते का. वाचण्याची अडचण असेल तर घरातील शाळकरी मुलांकडून दोन्ही रकमा मोठ्याने वाचून घ्याव्यात. फरक दिसला तर चेक बँकेत भरण्यापूर्वीच कारखान्याच्या हिशेब विभागात दाखवावा.

— ऊस विकास अधिकारी