सेरियोसचे भूजल आणि डेटा सेंटर

बँकेच्या खात्यातील नोंद असो, रेल्वेचे आरक्षण असो किंवा भ्रमणध्वनीवर टिपलेले छायाचित्र असो, ते कोठेतरी साठवून ठेवावेच लागते. हे कार्य डेटा सेंटर करते. हजारो संगणक अहोरात्र चालू ठेवणारी ही इमारत बाहेरून एखाद्या गोदामासारखी दिसते. तिला धुराडे नसते, कामगारांची वर्दळही बेताचीच असते. त्यामुळे ती शेजारी आल्याने काही बिघडेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटत नाही. परंतु संगणकांना पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता सतत बाहेर काढावी लागते. पाण्याचे बाष्पीभवन करून थंडावा निर्माण करणे हा त्यावरील एक प्रचलित उपाय होय. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच हे तत्त्व; मात्र वाफ होऊन गेलेले पाणी त्या गावाच्या पुरवठ्यात परत येत नाही.

या प्रश्नावर नागरिक कसे संघटित होतात, हे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अनुभवावरून दिसून येते. राजधानी सांतियागोच्या नैर्ऋत्येस सेरियोस हा सुमारे ८० हजार वस्तीचा नगरविभाग आहे. २०१९ मध्ये गूगल कंपनीने तेथे डेटा सेंटर उभारण्याचा प्रस्ताव पर्यावरण मूल्यमापनासाठी सादर केला. गुंतवणूक २० कोटी डॉलरची होती. त्याच काळात मध्य चिली २०१० पासून चालत आलेल्या दीर्घ अवर्षणाने ग्रासलेला होता.

प्रस्तावाच्या कागदपत्रांत सेकंदाला १६९ लिटर भूजल उपसण्याची तरतूद होती. हा आकडा वरवर लहान भासतो. दिवसाच्या हिशेबाने मात्र तो सुमारे १ कोटी ४६ लाख लिटर होतो. आपल्याकडील जल जीवन अभियानाचे दरडोई ५५ लिटरचे प्रमाण धरले, तर अडीच लाखांहून अधिक लोकांची ती गरज होय. हा उपसा कमाल मर्यादेचा होता, रोज तेवढेच पाणी लागले असते असे नव्हे. तरीही आटत चाललेल्या भूजलावर विसंबणाऱ्या वस्तीला कमाल मर्यादेचाच विचार करावा लागतो.

'मोसाकात' या संक्षिप्त नावाने एकत्र आलेल्या स्थानिक रहिवाशांनी हा आकडा लोकांपुढे मांडला. शेकडो पानांच्या तांत्रिक कागदपत्रांतून नेमकी ओळ शोधून ती शेजाऱ्यांना समजेल अशा भाषेत सांगणे, हेच या चळवळीचे खरे सामर्थ्य म्हटले पाहिजे. स्थानिक लोकमत-चाचणीतही हा विषय आला. परंतु तिचा कौल कायद्याने बंधनकारक नव्हता आणि २०२० च्या प्रारंभी प्रकल्पास परवानगी मिळाली. विरोध थांबला नाही. कंपनीने पाण्याऐवजी हवेने शीतलन करण्याची तयारी दर्शविली, तथापि परवानगीचा वाद सांतियागोच्या पर्यावरण न्यायाधिकरणापुढे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने परवानगी अंशतः रद्द केली आणि हवामानबदलाचा भूजलसाठ्यावर होणारा परिणाम विचारात घेण्यास सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने मूळ प्रस्ताव सोडून हवेच्या शीतलनावर आधारित नवी प्रक्रिया आरंभण्याचे जाहीर केले.

उरुग्वे देशात तर आकडा मिळविण्यासाठीच न्यायालयात जावे लागले. तेथील नियोजित केंद्रास दररोज ७६ लाख लिटर पाणी लागेल, ही माहिती एका संशोधकाच्या दाव्यानंतर उघड झाली. २०२३ च्या दुष्काळात राजधानी मोंतेविदेओच्या नळांना खारट पाणी येत असल्याने या आकड्याने मोठी खळबळ उडाली.

हवेचे शीतलन पाणी वाचविते, परंतु त्यास सामान्यतः वीज अधिक लागते. म्हणजे भूजलावरील भार काही अंशी वीजनिर्मितीवर सरकतो, आणि तेथे कोळसा जळत असेल तर त्याची झळ दुसऱ्याच एखाद्या गावाला पोचते. सेरियोसच्या यशाकडे पाहताना ही बाजू बहुधा दुर्लक्षिली जाते.

महाराष्ट्रात ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात अशी मोठी केंद्रे उभी राहिली असून देशातील या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे. नव्या केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत: शीतलन पाण्याचे की हवेचे, पाणी पिण्याचे की प्रक्रिया केलेले सांडपाणी, कमाल उपसा किती, आणि वीज गेल्यावर चालणारी डिझेल जनित्रे वस्तीपासून किती अंतरावर बसविणार.