मशकबीन : विटाळ कातड्याचा की नात्याचा?

आजोबांची हलगी मी पाहिली ती खुंटीला टांगलेली. वडिलांनी ती पुन्हा कधी उतरवली नाही. गावाला मात्र कारण पाठ होते : कातडे बडवणारा विटाळाचा, म्हणून हे काम मांगाचे आणि मांग गावाबाहेर. हे इतक्या वेळा कानावर पडले की आमच्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनाही ते अर्धेमुर्धे खरे वाटू लागले. हलगीला जात कधी चिकटली याचा साक्षीदार आज कोणी नाही. पण हिमालयातील कुमाऊँ आणि गढवाल या डोंगरी मुलखात एक वाद्य असे आहे की त्याला जात कशी चिकटली हे थेट इतिहासात पाहता येते. ते वाद्य म्हणजे मशकबीन.

मशक म्हणजे लहान पखाल, बीन म्हणजे पुंगी. स्कॉटलंडच्या पलटणींचा बॅगपाइप तो हाच. वादक कातड्याची पिशवी डाव्या काखेत धरतो, तोंडाच्या नळीने तिच्यात हवा भरतो आणि दंडाने ती दाबत राहतो. ती हवा सुरांच्या नळीतल्या वेताच्या पत्तीतून जाते आणि सूर उमटतो. खांद्यावरच्या लांब नळ्या एकच सूर धरून ठेवतात. वादकाने श्वास घेतला तरी आवाज तुटत नाही, हे या वाद्याचे वैशिष्ट्य. आणि त्यातच त्याची अडचणही आहे. सूर मध्येच थांबवता येत नसल्यामुळे तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर मध्ये बोटाने दुसऱ्या स्वराचा झटका द्यावा लागतो. नऊ स्वरांत सारी गाणी बसवायची. चढावर वरात चालू असताना, दम लागलेला असताना, दंडाचा दाब कमी-जास्त होऊ द्यायचा नाही. हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नाही.

१८१५ साली हा मुलूख गोरख्यांकडून इंग्रजांकडे गेला. १८८७ साली गढवाली पलटण उभी राहिली आणि लॅन्सडाउनला तिची छावणी झाली. गोऱ्या पलटणींच्या बँडातला बॅगपाइप देशी पलटणींत आला, आणि तेथून गावच्या वरातीत उतरला. म्हणजे या वाद्याचे मनूशी काही नाते नाही. ते अमुक वर्णाने वाजवावे, असे सांगणारी स्मृती नाही. आणले साहेबाने, तरीही गावात आल्यावर ते गेले कोणाच्या काखेत? औजी, बाजगी, दास, ढोली अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या ढोल-दमाऊ वाजवणाऱ्या अस्पृश्यांच्या काखेत.

हे असे का झाले? सवर्णाच्या दारात मंगलकार्याला वाजवायचे आणि सुगीला धान्य मागायचे, हे नाते आधीपासून ठरलेले होते. गढवालात या धान्याला डडवार म्हणतात. आपल्याकडचे बलुते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे वेगळे सांगायला नको. नवे वाद्य आले ते त्या जुन्या नात्यातच बसवले गेले. विटाळ कातड्यात असता तर पलटणीतही तो लागायला हवा होता. तिथे मात्र तोच बाजा वाजवणारा गणवेशात असतो, त्याला पगार असतो, निवृत्तीनंतर पेन्शन असते. १९५२ साली नैनितालच्या रंगमंचावर आलेले ‘बेडू पाको’ हे गीत कुमाऊँ रेजिमेंटचा बँडही वाजवतो आणि वरातीतला ढोलीही वाजवतो. एकाला सलामी मिळते, दुसऱ्याला अंगणाची कड.

त्या पलटणींची दारे इंग्रजांनी ‘लढाऊ जातीं’साठी उघडली होती. शिल्पकारांना तिथे शिपाई म्हणून बहुधा जागा नव्हती. हा न्याय आपल्याला परका नाही. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती याच सिद्धांताने बंद झाली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

अल्मोडा जिल्ह्यातील एका लग्नात मी एका वृद्ध वादकाला भेटलो. तिकडे आजोबाच्या वयाच्या माणसाला बूबू म्हणतात, म्हणून मीही बूबू म्हटले. पुढे ढाल-तलवार घेतलेले छोलिया नाचत होते, ढोल, दमाऊ आणि रणसिंगाच्या साथीला बूबूंची मशकबीन. दगडी पायऱ्यांचा चढ त्यांनी वाजवत चढला. नवरीच्या अंगणात वरात पोचली, पाहुणे खुर्च्यांवर बसले आणि बूबू शेताच्या बांधावर बसले. जेवणही तिथेच आले. मी विचारले, ‘बूबू, थकलात?’ ते म्हणाले, बाजा वाजवून माणूस थकत नाही, इथे बसून थकतो. त्यांचा एक मुलगा हल्द्वानीला जीप चालवतो. त्याला बाजा येतो, पण तो हात लावत नाही.

ज्या पालखीपुढे ते वाजवत आले, तशा पालखीत बसण्याचा हक्क त्यांच्याच समाजाच्या नवरदेवाला नव्हता. त्यासाठी गढवालात जयानंद भारती यांच्या नेतृत्वाखाली डोला-पालखीचा लढा झाला. कुमाऊँत मुन्शी हरिप्रसाद टम्टा यांनी अपमानास्पद जुन्या नावाऐवजी ‘शिल्पकार’ हे नाव मिळवण्यासाठी झगडा केला. तरी १९८०च्या मे महिन्यात अल्मोडा जिल्ह्यातील कफल्टा गावातून जाणाऱ्या वरातीतला दलित वर पालखीतून उतरेना, म्हणून तंटा झाला. त्यात गावचा एक सवर्ण मेला आणि पाठोपाठ चौदा दलितांना ठार मारण्यात आले. त्यांतल्या सहा जणांना घरात कोंडून जाळले. सुप्रीम कोर्टाने आरोपींना जन्मठेप दिली ती १९९७ साली. आणि २०१९ साली टिहरी जिल्ह्यातील एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली व तो दगावला, अशी फिर्याद नोंदली गेली. बूबूंचे बांधावर बसणे या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

मग बाजा सोडावा की धरावा? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळ्यापाक्याची आस सोडायला सांगितले आणि आपल्याकडच्या कित्येकांनी गावकीची कामे टाकली. वडिलांनी हलगी टांगली ती याच वाटेने. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याला वाजवण्यावाचून दुसरा मार्गच नाही, त्याची कला ही सक्ती असते. ती नाकारल्याशिवाय माणूसपण हाती येत नाही. परंतु बूबूंच्या बोटांत जे ज्ञान आहे ते सवर्णांनी दिलेले नाही. परक्या देशाचे वाद्य घेऊन त्यातून डोंगरातली गाणी बोलती केली ती याच माणसांनी.

‘लोककला वाचवा’ असे म्हणत मंचावर वादकाच्या खांद्यावर शाल घालणाऱ्यांना म्हणूनच काही प्रश्न विचारले पाहिजेत. तुमच्या घरच्या लग्नात तो कोठे बसतो? त्याची बिदागी आधी ठरते, की ओवाळणीसारखी हातावर ठेवली जाते? तुमचा मुलगा मशकबीन शिकायला त्याच्या घरी जाईल काय, आणि त्याला गुरुजी म्हणेल काय? या प्रश्नांना होकारार्थी उत्तर येईल तेव्हा जीप चालवणाऱ्या त्या मुलाने बाजा हाती घ्यायचा की नाही, हे त्याचे त्याला ठरवता येईल. तोवर त्याने तो खाली ठेवला, तर त्याला कलेचा द्रोही म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.